बॅटरी मे महिन्यातच गेली होती

डिसेंबरातली सकाळ, नागपूर. सातला निघायचं होतं. किल्ली फिरवली तेव्हा डॅशबोर्डवरचे दिवे नेहमीसारखे लागले. सेल्फ मारला तसे ते एकदम मंदावले आणि बॉनेटखालून नुसतं टक-टक-टक ऐकू आलं. पुन्हा किल्ली फिरवली, तेव्हा टकटकही क्षीण झाली होती. आदल्या रात्री हीच गाडी वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटर चालून आली होती आणि वाटेत कुठेही कुरकुरली नव्हती.

चौकातल्या वायरमन भाऊंना बोलावलं. त्यांच्या पिशवीतून मल्टिमीटर निघाला आणि रबरी फुगा लावलेली एक काचेची नळी निघाली. या नळीला हायड्रोमीटर म्हणतात. बॅटरीवरची सहा बुचं त्यांनी उघडली आणि एकेका घरातलं ॲसिड नळीत ओढून, डोळ्यांच्या रेषेत धरून आकडे सांगायला सुरुवात केली. "बाराशे वीस. बाराशे वीस. अकराशे तीस." तिसऱ्या घरावर ते थांबले, टॉर्च आत मारला आणि मला वाकून बघायला सांगितलं. आत प्लेटांची वरची कड कोरडी पडली होती. पांढुरकी, खडूची भुकटी बसावी तशी.

"पाणी कधी पाह्यलं होतं, भाऊ?"

"दिवाळीआधी सर्व्हिसिंग झालं. तेव्हा बघितलं असेल त्यांनी."

त्यांनी बुचं पुन्हा लावली. "बॅटरी आज नाही गेली. ते मे मधेच गेली. तुम्हाले आज समजलं."

हे वाक्य शब्दशः खरं आहे. बॅटरीची देखभाल कशी करायची, ती कधी बदलायची आणि बदलताना काय सांभाळायचं, याची जवळजवळ सगळी उत्तरं त्यातच आहेत.

गाडीच्या बॅटरीत सहा घरं असतात. कारागीर त्यांना सेल म्हणतात. प्रत्येक सेलमध्ये शिशाच्या प्लेटा एकाआड एक उभ्या असतात. एक शुद्ध शिशाची, तिच्याशेजारची शिशाच्या ऑक्साइडची, आणि दोघी बुडालेल्या असतात पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात. बॅटरीतून वीज घेतली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट नावाचा क्षार जमू लागतो. ॲसिडमधलं गंधकाम्ल त्यात खर्च होतं आणि मागे पाणी उरतं. बॅटरी चार्ज केली की क्षार विरघळतो आणि ॲसिड पुन्हा दाट होतं. वायरमन भाऊ नळीत ओढून मोजत होते तो हाच दाटपणा. पाणी १.००० धरलं, तर आपल्याकडच्या भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड साधारण १.२४ ते १.२६ असतं. गॅरेजच्या भाषेत बाराशे चाळीस, बाराशे साठ. एखादंच घर बाकीच्यांपेक्षा पन्नासच्या वर खाली असेल, तर तो सेल गेला असं समजतात. माझं तिसरं घर नव्वदने खाली होतं. सहा सेल एकामागे एक साखळीत जोडलेले असतात, त्यामुळे एक बसला की पाच धडधाकट सेलही काही करू शकत नाहीत.

प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. सहांचे मिळून १२.६ होतात. ज्या बॅटरीला आपण 'बारा व्होल्टची' म्हणतो, ती बरोबर बारा व्होल्ट दाखवत असेल तर जवळजवळ रिकामी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

ही रचना गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाची, १८५९ सालची. शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड, सगळं गुंडाळून ॲसिडात बुडवलेलं. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन प्लेटा बनवल्या आणि बॅटरी कारखान्यात बनवण्याजोगी झाली. गाडीशी तिची गाठ पक्की झाली ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकी इंजिनिअरच्या सेल्फ-स्टार्टरमुळे. १९११ मध्ये त्याने तो तयार केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत तो बसवून आला. त्याआधी गाडीच्या तोंडाशी उभं राहून हँडल मारावं लागे. आपल्याकडे जुन्या जीप आणि ट्रकना हे हँडल पुढे कितीतरी वर्षं होतं. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट जायचं, म्हणून अंगठा मुठीबाहेर, बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरायला शिकवत.

मनगटाचं ते काम आता बॅटरी करते. थंड पडलेलं इंजिन फिरवायला लहान पेट्रोल गाडीच्या सेल्फलाही शंभर-दीडशे अँपिअर लागतात, डिझेलला त्याहून बरेच जास्त. मात्र हे काम दोनच सेकंदांचं. दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे एका अँपिअर-तासाचा बारावा भाग. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला हा खर्च काहीच नाही. तिची कसोटी साठ्याची नसून झटक्याची आहे: एका क्षणात एवढा मोठा प्रवाह सोडता येतो का? त्यासाठी प्लेटांचा जास्तीत जास्त पृष्ठभाग ॲसिडला भिडलेला आणि मोकळा असावा लागतो. तो पृष्ठभाग कोरडा पडला, झडला किंवा क्षाराने झाकला गेला की बॅटरी दिवे लावते, हॉर्न वाजवते, पण इंजिन फिरवू शकत नाही. त्या सकाळी मी नेमकं तेच पाहत होतो.

आता मे महिन्याकडे येऊ. थंडीत बॅटरी बंद पडते, म्हणून थंडी तिची वैरी, असा समज आहे. तिला खरी मारते ती उष्णता. रसायनांची कुठलीही क्रिया तापमानाबरोबर वेगाने चालते आणि बॅटरीला झिजवणाऱ्या क्रियाही त्याला अपवाद नाहीत. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा एक ढोबळ नियम आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. भर दुपारी उन्हात उभ्या केलेल्या, त्यातून नुकत्याच चालून आलेल्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल याचा अंदाज हात लावला तरी येतो. पाणी उडतं. प्लेटांना आधार देणारी शिशाची जाळी आतून गंजते आणि तिच्यावरचा लेप सुटून तळाशी गाळ होऊन बसतो.

मग उन्हाळ्यातच गाडी का बंद पडत नाही? कारण उन्हाळ्यात बॅटरीकडून फारसं काही मागितलं जात नाही. ऑइल पातळ असतं, इंजिन हलकं फिरतं, आणि गरम बॅटरी झटकाही जोराचा देते. दुखणं झाकलं जातं. डिसेंबरात पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर उतरला की ऑइल जड होतं, बॅटरीतली क्रिया मंदावते आणि उन्हाळ्यात झालेलं नुकसान एका सकाळी उघड होतं. विदर्भात आणि मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत बॅटरीच्या दुकानांत गर्दी होते, ती उन्हाळ्याची थकबाकी असते.

म्हणून देखभालीचा महिना मार्च. उन्हाळा लागण्याआधी पाणी बघायचं, आणि मे-जूनमध्ये पुन्हा एकदा. बुचांची बॅटरी असेल तर बाजूला वरची आणि खालची अशा दोन रेषा असतात, पातळी त्यांच्या मध्ये हवी. खाली गेली असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. नळाचं नाही, फिल्टरचं नाही, उकळून गार केलेलंही नाही. त्यांत क्षार उरतात आणि ते प्लेटांवर बसतात. ॲसिड तर कधीच घालायचं नाही, कारण उडालेलं असतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. वरच्या रेषेपर्यंत घातलं की थांबायचं. काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ते उसळून बाहेर येतं आणि खालचा पत्रा खातं.

'मेंटेनन्स फ्री' बॅटरीला बुचं नसतात. तिच्यावर बहुधा एक लहान काचेचा डोळा असतो: हिरवा दिसला की ठीक, काळा दिसला की चार्जिंग कमी. त्यावर मी फार विसंबत नाही. तो सहांपैकी एकाच सेलमध्ये बसवलेला असतो आणि उरलेल्या पाचांचं त्याला काही कळत नाही. त्याऐवजी दोन-चारशे रुपयांचा साधा मल्टिमीटर घरी असावा असं मी प्रत्येक गाडीवाल्याला आग्रहाने सांगतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सुरू करण्याआधी टर्मिनलला लावायचा. १२.६ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ फिरत असताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू झाल्यावर तोच आकडा बहुतेक गाड्यांत साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान दिसला पाहिजे. नव्या काही गाड्यांत संगणक तो मुद्दाम वरखाली करतो, तेवढं लक्षात ठेवावं. चालू इंजिनावरही आकडा बाराच्या आसपासच राहिला तर दोष बॅटरीचा नाही, अल्टरनेटरचा आहे. त्याला गॅरेजमध्ये अजून डायनामोच म्हणतात. ही तपासणी न करता बॅटरी बदलणारे बरेच असतात. नवी बॅटरी चार दिवसांत उतरते आणि दुकानदाराशी भांडण होतं.

इथे एका जुन्या सवयीबद्दल कळकळीने सांगायचं आहे. डायनामो चार्ज करतो की नाही हे बघायला काही मेकॅनिक इंजिन चालू ठेवून बॅटरीची केबल काढतात. गाडी चालू राहिली तर डायनामो चांगला. जुन्या गाड्यांत हे खपून जायचं. आजच्या गाडीत बॅटरीचा आधार काढल्याक्षणी विजेचा उंच झटका येऊ शकतो आणि इंजिनाचा संगणक कायमचा जाऊ शकतो. तुमच्या गाडीवर कुणी असं करायला लागलं तर हात धरून थांबवा.

कधी कधी बॅटरी चांगली असते, डायनामो चांगला असतो आणि तरी सेल्फ ओढत नाही. तेव्हा टर्मिनल बघावं. त्यावर पांढरी, निळसर-हिरवी बुरशीसारखी पावडर साचलेली असते. एवढा मोठा प्रवाह जायचा तर धातूला धातू घट्ट भिडायला हवा, आणि मध्ये हा थर बसला की वाट अडते. केबल काढून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशने चोळलं की पावडर फसफसून निघते. बुचं घट्ट असू द्यावीत, सोडा आत गेला तर ॲसिड मारतो. साध्या पाण्याने पुसून, कोरडं करून, केबल आवळून वर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. या कामाला जुने कपडे घालावेत. ॲसिडचा शिंतोडा सुती कपड्यावर उडाला तर तेव्हा काहीच दिसत नाही. धुतल्यावर वाळत घालताना तिथे भोक सापडतं. डोळ्यावर चष्मा हवाच. चुकून डोळ्यात गेलं तर दुसरं काही न करता पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरावा आणि मग डॉक्टर गाठावा.

उष्णतेखालोखाल बॅटरीला मारतं ते नुसतं उभं राहणं. हे आपण सगळ्यांनी एकदाच, एकाच वेळी पाहिलं आहे. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि गाड्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये झाकल्या गेल्या. जूनमध्ये किल्ल्या फिरल्या तेव्हा ठिकठिकाणी नुसतीच टकटक ऐकू आली. हिशेब सोपा आहे. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट बघणारा रिसीव्हर आणि संगणकाची स्मरणशक्ती मिळून तीसेक मिलिअँपिअर ओढत असतात. दिवसाला पाऊण अँपिअर-तासाच्या जवळपास. ३५ ची बॅटरी तीन-साडेतीन आठवड्यांत अर्धी होते आणि दोन महिन्यांत संपते. रिकामं होणंही एक वेळ परवडलं, रिकामं राहणं वाईट. चार्जिंगने सहज विरघळणारा तो मऊ क्षार पडून राहिला की त्याचे कडक खडे होतात आणि मग ते पुरते विरघळत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग कायमचा झाकला जातो.

त्या काळात बरीच माणसं रोज खाली जाऊन पाच मिनिटं गाडी चालू करून येत. इंजिन नुसतं गुरगुरत असताना डायनामो फार कमी वीज बनवतो, त्यातून एसी आणि दिवे चालू असले की बॅटरीच्या वाट्याला जवळजवळ काही येत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवून आणणं कितीतरी चांगलं. महिनाभर गावी किंवा मुलांकडे परदेशी जायचं असेल तर निगेटिव्ह केबल काढून ठेवावी. पूर्ण उतरलेली बॅटरी जिवंत करायची तर वायरमनकडे सावकाश चार्जिंगला लावावी: ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा-बारा तास. डायनामोच्या भरवशावर तिला भरणं म्हणजे त्या दोघांवरही अत्याचार आहे.

रस्त्यात अडकलात तर जंपर केबल कामाला येते, पण क्रम पाळावा. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, त्याचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा चिमटा बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडतेच, आणि बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघत असतो. दोघांची भेट होऊ द्यायची नाही. बिडी-सिगारेट तर दूरच ठेवा. धक्का मारून गाडी सुरू करण्याचा उपाय ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला चालत नाही. मॅन्युअल गाडीतही फ्युएल पंप आणि संगणक चालण्यापुरती वीज शिल्लक असावी लागते.

आपल्या हवेत तीन ते पाच वर्षं चाललेल्या बॅटरीकडून तक्रारीची अपेक्षा ठेवावी. सेल्फचा आवाज लांबतो, सकाळच्या पहिल्या स्टार्टला हेडलाइट जास्त मंदावतात, पाणी वारंवार घालावं लागतं, कडा फुगलेल्या दिसतात. मग चालढकल न करता बदलून टाकावी.

नवी घेताना जुनीवरचा कोड वाचून घ्या. ३८बी२०एल यासारखा असतो. त्यातला २० चा आकडा म्हणजे लांबी, सुमारे वीस सेंटिमीटर, आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे टर्मिनल कुठल्या बाजूला. हे अक्षर चुकलं तर केबल पोचत नाही, आणि ओढूनताणून पोचवली तर प्लस-मायनस उलटे होण्याचा धोका. सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबताच सुरू होणाऱ्या गाडीत ईएफबी किंवा एजीएम प्रकारची महाग बॅटरी असते. तिथे साधी बसवली तर दिवसातले ते वारंवारचे स्टार्ट तिला झेपत नाहीत. दुकानात बॅटरीवर छापलेला बनावटीचा महिना विचारा. कपाटात पडलेली बॅटरीही हळूहळू उतरत असते, सहा महिन्यांपूर्वीची घेऊ नये. वॉरंटीचं कार्ड दुकानातच भरून, शिक्का मारून घ्या.

बदलण्याचं काम दहा नंबरच्या पान्याचं आहे. हातातली अंगठी, कडं, घड्याळ आधी काढायचं. मग मायनस सोडवायचा, नंतर प्लस. बसवताना आधी प्लस, मग मायनस. याचं कारण समजलं की क्रम विसरत नाही. गाडीचा सगळा पत्रा मायनसला जोडलेला असतो. मायनस जागेवर असताना प्लसचा नट फिरवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं, तर पूर्ण बॅटरी पान्यातून वाहते. एका वायरमनच्या पान्याच्या टोकाला वितळून पडलेला खड्डा मी पाहिला आहे, तांदळाच्या दाण्याएवढा. मायनस आधी काढला तर पाना कुठेही टेको, फेरा पुरा होत नाही. शेवटी बॅटरीला दाबून धरणारी पट्टी आवर्जून आवळा. खड्ड्यांच्या रस्त्यावर सुटी बॅटरी हादरे खाते आणि लेप झडतो. कित्येक गाड्यांत ती पट्टी कुणीतरी काढून टाकलेली असते.

जुनी बॅटरी दहा किलोच्या आसपास भरते आणि त्यातलं निम्म्याहून जास्त वजन शिशाचं. दुकानदार तिचे पैसे वजा करून देतो, आणि ती त्यालाच, बिल घेऊन द्यावी. भंगारवाला शंभर-दोनशे रुपये जास्त देत असला तरी. वस्तीत चोरून चालणाऱ्या भट्ट्यांत बॅटरी फोडून ॲसिड गटारात ओततात आणि शिसं उघड्यावर वितळवतात. त्या धुरातलं आणि मातीतलं शिसं जवळपास खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात जातं, त्यांच्या मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. मुलांसाठी शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातल्या जवळपास ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंता करण्याइतकं शिसं होतं, आणि त्याच्या मोठ्या कारणांत अशा भट्ट्या होत्या. आपल्याकडे २००१ पासून याविषयी नियम होते; २०२२ च्या नियमांनीही वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली. रीतसर कारखान्यात गेलेलं शिसं मात्र पुन्हा पुन्हा वितळवून नव्या प्लेटांत येत राहतं.

त्या सकाळी वायरमन भाऊंनी नवी बॅटरी बसवली, व्होल्ट मोजले, पट्टी आवळली. मग खिशातून पांढऱ्या रंगाचा मार्कर काढून बॅटरीच्या माथ्यावर तारीख लिहिली, आणि तिच्याखाली एक शब्द: 'मार्च'. जुनी बॅटरी त्यांनी उभीच्या उभी, आडवी न करता, रबरी मॅटवर ठेवून स्कूटरवर पाय ठेवायच्या जागी बांधली. तिच्या माथ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.